तिसरं कोटेशन

आमच्या ह्यांना आजवर कुणीही फसवू शकलेलं नाही. हे मी कौतुकानं सांगतेय असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं पुढचं सगळं ऐकून घ्यावं आणि मग ठरवावं.

हे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात खरेदी खात्यात आहेत. तिथला नियम असा, की साध्या बोल्टपासून मोठ्या यंत्रापर्यंत काहीही घ्यायचं असलं तरी तीन दुकानदारांकडून लेखी भाव मागवायचे, तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायचे आणि त्यातला रास्त निवडायचा. त्या कागदाला कोटेशन म्हणतात. नियम चांगला आहे, मी कुठे नाही म्हणते. पण कारखान्याचा नियम कारखान्याच्या फाटकाशी ठेवून यावा, आपण चपला दाराशी काढतो तसा. ह्यांनी तो घरात आणला, स्वयंपाकघरात नेला आणि तिथून थेट सासूबाईंच्या कानाच्या मशीनपर्यंत पोचवला. तीन ठिकाणचे भाव गोळा होईपर्यंत सासूबाई बिचाऱ्या सगळ्यांकडे बघून नुसत्या हसायच्या. शेवटी मशीन आलं, घरातलं बोलणं त्यांच्या कानावर पडायला लागलं, आणि दोन दिवसांनी त्या मला म्हणाल्या, ‘‘आधीच बरं होतं गं.’’

माझ्याशी लग्न ठरवायच्या आधी ह्यांनी आणखी दोन घरी चौकशी केली होती. हे मला बाहेरून नाही कळलं, ह्यांनीच सांगितलं, आणि तेही अभिमानानं. मी तिसरी. रास्त निघाले असणार.

कारखान्यात ह्यांना तीनभाव म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण ह्यांना ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही.

मुळात हे असे नव्हते, हेही सांगायला हवं, नाहीतर मी एकतर्फी बोलते म्हणाल. नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. एक दिवस कारखान्यातली गास्केट संपली. गास्केट म्हणजे दोन लोखंडी भागांच्या मध्ये बसवायची रबराची चकती, पाणी गळू नये म्हणून. किंमत फुटकळ, पण तिच्यावाचून पंप पुढे सरकत नाही. काम थांबलं, माणसं हाताची घडी घालून उभी राहिली, साहेबांचा आवाज चढायला लागला. ह्यांनी सायकल काढली आणि ओळखीच्या दुकानातून पोतंभर गास्केट आणून टाकली. काम सुरू झालं. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. पुढे ऑडिटवाले आले आणि त्यांनी विचारलं, बाकीची दोन कोटेशनं कुठे आहेत? पाठ थोपटणारे साहेब त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते. चौकशी बसली, पगारवाढ अडकली. ह्यांनी पैसे खाल्ले असं कुणी म्हटलं नाही, पण जेवणाच्या सुट्टीत ह्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. तेव्हापासून घाई हा शब्द ह्यांच्यापुढे काढायची सोय उरली नाही.

मला हे सगळं माहीत आहे. माहीत आहे म्हणून तर इतकी वर्षं ऐकून घेतलं. पण स्वतःच्या वाट्याला आलेलं कडू माणसानं स्वतः गिळावं, पोरीच्या ताटात वाढू नये. राग आहे तो त्याचा.

आम्हाला एकच मुलगी. लहानपणी वर्गात सगळ्यात ठेंगणी होती म्हणून तिला बुटकी म्हणायला लागलो. आता बापाच्या डोक्यावरून पलीकडचं बघते, तरी घरात बुटकीच. तिला हलती चित्रं काढायचा नाद. नाद कसला, तेच तिचं शिक्षण आणि तेच तिचं वेड. कॉम्प्युटरवर आधी मातीसारखी आकृती घडवायची, मग तिला कातडी, केस, डोळे द्यायचे आणि मग ती हलवायची. डोळ्याची एक उघडझाप करायची तर ही दोन दिवस आरशासमोर बसून स्वतःच्या पापण्या बघणार.

आमच्या इमारतीत एक म्हातारी कुत्री असते. ती कुणाचीच नाही, म्हणून सगळ्यांची. तिला वरच्या मजल्यावर, गच्चीच्या दाराशी झोपायला आवडतं. मागचा एक पाय अधू आहे, तरी रोज जिना चढते. दोन पायऱ्या चढते, थांबते, आजूबाजूला असं बघते की जणू दमलेली नाहीच, सहज उभी आहे. बुटकीनं तेवढंच घेतलं होतं. एक मिनिटाची फिल्म. म्हातारी कुत्री जिना चढते, वर पोचते, दाराशी अंग टाकते. बस. मी तिचं कागदावरचं काम पाहिलं होतं आणि खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्या एका मिनिटावर सगळं अडलं होतं. कार्टूनपट बनवणारी एक मोठी कंपनी दर वर्षी बाराच मुलं घ्यायची. दोन वर्षं शिकवायची, वर पगार द्यायची, आणि पुढे त्यांच्याकडेच नोकरी. अर्जाबरोबर एक मिनिटाची स्वतःची फिल्म पाठवायची. वयाची पंचविशी उलटली की अर्जाला हात लावत नाहीत. बुटकीला तेव्हा तेविसावं संपत आलं होतं. म्हणजे दोन वेळा दार वाजवता येणार होतं.

घरातला कॉम्प्युटर ह्यांच्याच कारखान्यानं मोडीत काढलेला. पत्र टाइप करायला ठीक. त्यावर कुत्रीच्या अंगावर केस आणायचे म्हटले की तो धापा टाकायचा. बुटकी मला समजावून सांगायची, ‘‘आई, एका सेकंदात चोवीस चित्रं लागतात. हा एक चित्र करायला अर्धा दिवस घेतो आणि मध्येच बंद पडतो.’’ मी शिवणकाम करते, लोकांचे कपडे आत-बाहेर करून देते, मला गणित पटकन कळतं. म्हटलं, म्हणजे तुझी कुत्री वर पोचेपर्यंत मी वर पोचलेली असेन. ती हसली. तेव्हा हसायची.

नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. तयार नको, एकेक भाग निवडून जोडून घ्यायचा, त्यात पैसे वाचतात आणि हवा तसा होतो, हे बापलेकीचं एकमत. साठ हजारांच्या वर जायचं नाही, हे ह्यांचं एकट्याचं. त्यातले काही माझ्या शिवणाचे होते, बाकीचे ह्यांच्या बोनसचे. बुटकी एका दुपारी बाजारात गेली आणि संध्याकाळी सगळं ठरवून आली. कामाचा मेंदू तो प्रोसेसर, सगळे भाग ज्याच्यावर बसतात तो मदरबोर्ड, रॅमच्या दोन पट्ट्या, चित्रं झरझर करणारं ग्राफिक कार्ड, वीज पुरवणारा पॉवर सप्लाय आणि हे सगळं पोटात घेणारी पेटी, म्हणजे कॅबिनेट. सगळं एकाच दुकानात, एकमेकांत बसणारं, आणि साठाच्या आत. दुकानदार दुसऱ्या दिवशी जोडून द्यायला तयार होता.

ह्यांनी तो कागद दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला. म्हणाले, ‘‘छान काम केलंस, बुटके. आता आणखी दोन आण.’’

इथून सगळं सुरू झालं.

दुसऱ्या दुकानानं दहा दिवस लावले. तिसरा दुकानदार रोज उद्या म्हणायचा. तिसऱ्याचा भाव हातात आला तेव्हा पहिल्याची मुदत संपलेली, कारण हे भाव पंधरा दिवसच धरतात. म्हणून पहिल्याकडून पुन्हा आणायचा. तो आणला तोवर दुसऱ्याकडचं कार्ड संपलेलं. मांजर आपल्याच शेपटीमागे फिरतं तसे हे तीन दुकानांत फिरत होते, आणि गंमत म्हणजे खूष होते. कारखान्यात मान खाली घालून करायचं काम इथे मुलीसाठी, ताठ मानेनं करायला मिळत होतं. रोज रात्रीच्या जेवणाला नवीन माहिती. ह्या कंपनीचा पंखा आवाज करतो, त्या कंपनीची वॉरंटी लांब आहे. बुटकीही सुरुवातीला मन लावून ऐकायची. बाप आपल्यासाठी एवढा खपतोय, कुठल्या लेकीला आवडणार नाही?

मग ह्यांना एक युक्ती सुचली, आणि तीच अंगाशी आली. म्हणाले, सगळं एकाच ठिकाणी, एकाच दिवशी घेणं हाच मुळात तोटा आहे. प्रत्येक भागाचा भाव वेगवेगळ्या वेळी उतरतो. जो ज्या दिवशी सगळ्यात स्वस्त, तो त्या दिवशी घ्यायचा.

बुटकी म्हणाली, ‘‘बाबा, पण ते एकमेकांत बसायला हवेत ना.’’

‘‘न बसायला काय झालं? सगळे कॉम्प्युटरचेच आहेत.’’

आता हसू येतं. तेव्हा मलासुद्धा ते बोलणं बरोबर वाटलं होतं.

पहिली आली ती कॅबिनेट. एका दुकानाचं गाळा बदलणं चाललं होतं, तिथून निम्म्या भावात. काळी, आटोपशीर, एका बाजूला काच. ती बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात ठेवली आणि पुढचे कितीतरी महिने ती तिथे रिकामीच उभी होती. मी तिच्यावर बटणांचा डबा ठेवायला लागले. मग रॅम आली, मग पॉवर सप्लाय. दर वेळी हे घरात शिरताना असे शिरायचे, जसं काही शिकार करून आलेत. खोकं उघडायचं नाही, आत ओल जाते म्हणून. कपाटात माझ्या साड्यांच्या खाली खोकी रचली गेली. ग्राफिक कार्डाचा भाव मात्र उतरेना. हे म्हणायचे, थांबा, नवीन मॉडेल आलं की जुनं पडतंच.

अर्ज पाठवायची पहिली तारीख जवळ आली. बुटकीनं एका मैत्रिणीकडे जाऊन, रविवारी रविवारी बसून, जेवढं झालं तेवढं केलं. मैत्रिणीचं बिऱ्हाड हललं आणि तेही बंद पडलं. कुत्री जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत आली होती. तेवढंच पाठवलं. कंपनीचं उत्तर आलं, दोनच ओळींचं, पण त्यात होतं की प्राण्याची चाल आम्हाला फार आवडली, फिल्म पूर्ण करून पुढच्या वर्षी जरूर पाठवा.

ते वाचून ह्यांची छाती फुगली. ‘‘बघ, जरूर म्हटलंय. आता वर्ष आहे हातात. घाई नको.’’

वर्षभर घरी बसून काय करायचं म्हणून बुटकीनं एका दाताच्या दवाखान्यात नोकरी धरली. येणाऱ्याचं नाव लिहायचं, वेळ द्यायची, आतून ओरडण्याचा आवाज आला की बाहेरच्यांकडे बघून हसायचं. फिकट निळा गणवेश होता. सुरुवातीला ती घरी येऊन पेशंटांच्या नकला करायची. तोंड उघडायला घाबरणाऱ्या एका जाड्या हवालदाराची नक्कल इतकी हुबेहूब करायची की हे पोट धरून हसायचे. हळूहळू नकला थांबल्या. गणवेश बदलून ती सरळ पडायची.

एकदा मी तिला आत बोलावलं आणि माझ्या शिवणाचे साठलेले पैसे तिच्या हातात दिले. म्हटलं, ‘‘ह्यांना सांगू नकोस. जा, कार्ड घेऊन ये, बाकीचं मी बघते.’’ तिनं पैसे परत माझ्या मुठीत कोंबले. म्हणाली, ‘‘नको गं आई. बाबांना किती लागेल ते. आता थोडक्यासाठी कशाला?’’

बापाचं मन राखायला बसली होती माझी पोर. आणि बाप भाव उतरायची वाट बघत बसला होता.

भाव उतरले नाहीत, चढले. जगात कुठे काय झालं कोण जाणे, सगळ्या कॉम्प्युटरवाल्यांना एकदम तेच कार्ड हवं झालं. हे चिडले, पण हललेही नाहीत. चढलेला भाव खाली येतोच, असं ह्यांच्या नोकरीनं ह्यांना शिकवलं होतं. शेवटी दुसरी तारीख महिन्यावर आली तेव्हा एका दुकानात जुना माल काढणं चाललं होतं, तिथून कार्ड, प्रोसेसर आणि मदरबोर्ड तिन्ही एका झटक्यात घेऊन आले. दारातूनच ओरडले, ‘‘बुटके, ये. झालं तुझं काम.’’

रविवार होता. जमिनीवर स्वच्छ चादर अंथरली. साड्यांखालची सगळी खोकी निघाली. बुटकी मांडी घालून बसली, केस वर बांधले, हात पुसून घेतले. किती दिवसांनी मी तिचा तो चेहरा बघत होते. मीही शिवण बाजूला ठेवलं आणि बसले. प्रोसेसर बसला. मग तिनं रॅमची पट्टी घेतली, मदरबोर्डावरच्या फटीवर धरली, उलटी केली, पुन्हा धरली.

‘‘बाबा, ही बसत नाही.’’

‘‘थोडा जोर लाव.’’

‘‘जोराचं काम नाही बाबा. हिची खाच इथे आहे आणि ह्याची तिथे. ही जुन्या जातीची रॅम आहे. हा नवीन बोर्ड आहे. ह्याला ही चालतच नाही.’’

ह्यांनी स्वतः पट्टी हातात घेतली. खिडकीपाशी नेऊन बघितली. नखाएवढी खाच, अर्ध्या नखानं इकडे. मग बुटकीनं कार्ड उचललं आणि कॅबिनेटच्या पोटात धरून बघितलं. ते पलीकडच्या पत्र्याला टेकत होतं आणि तरी चार बोटं बाहेर उरत होतं. आटोपशीर कॅबिनेट. निम्म्या भावातली.

चादरीवरच्या एकाही वस्तूत काही दोष नव्हता, हे मी ह्यांच्या बाजूनं सांगते. एकूण एक चीज उत्तम आणि बाजारातली सगळ्यात स्वस्त. फक्त त्या सगळ्यांचा मिळून कॉम्प्युटर होत नव्हता. रॅम परत करायची मुदत केव्हाच उलटली होती, कॅबिनेटचं दुकान उठून गेलं होतं, आणि बोर्डाच्या पावतीवर शिक्का होता की एकदा दिलेला माल परत घेतला जाणार नाही.

माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांत मी ह्यांच्यावर आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. ‘‘उठा. चपला घाला. जे दुकान पहिलं लागेल त्यात शिरा आणि हिला लागते ती रॅम आणि मोठी पेटी घेऊन या. ज्या भावात देईल त्या भावात. पोरीचे दिवस चाललेत. तुमची ती गास्केट खड्ड्यात गेली.’’

गास्केटचं नाव मी कधी काढत नाही. हे एकदम पांढरे पडले. उठले, पैसे खिशात घातले आणि मुकाट बाहेर गेले. बुटकी म्हणाली, ‘‘आई, तसं नको होतं बोलायला.’’ पण तिच्या डोळ्यांत आशा दिसत होती. तिनं कुत्रीचे कागद काढले, भिंतीला चिकटवले, कुठल्या दिवशी किती चित्रं झाली पाहिजेत त्याचा हिशेब मांडायला लागली. रात्री जागून होईल म्हणाली, दवाखान्यात आजारी आहे असं कळवते म्हणाली. मी तिच्यासाठी दूध गरम केलं.

दिवेलागणीला हे आले. हातात पिशवी नव्हती. दाराशी चपला काढल्या, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि बुटकीसमोर धरला.

‘‘रॅमचा भाव दुप्पट झालाय. आत्ता घेतली तर फुकटचा भुर्दंड पडेल. पण हा माणूस चांगला आहे. म्हणाला, पंधरा दिवस हाच भाव धरतो. तेवढ्यात मी आणखी दोन ठिकाणी...’’

पुढचं त्यांना बोलता आलं नाही, कारण बुटकी हसायला लागली होती. मोठ्यानं नाही. दातांच्या दवाखान्यात बाहेरच्यांकडे बघून हसायची तसं. तिनं कागद घेतला, वाचला, नीट घडी घालून परत दिला आणि म्हणाली, ‘‘बरं बाबा. बघा तुम्ही.’’ मग भिंतीवरचे कागद एकेक करून उतरवले. दूध तसंच राहिलं, साय धरली.

त्यानंतर तिनं कॉम्प्युटरचं नाव काढलं नाही. तारीख आली आणि गेली. त्या दिवशी ती नेहमीसारखी दवाखान्यात गेली, येताना कोथिंबीर घेऊन आली. पंचविसावा वाढदिवस आला, तोही गेला. मी ह्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. ह्यांना वाटलं मी गास्केटवरून लाजले आहे.

आणि मग, काय सांगू, भाव उतरले. खरंच उतरले. हे म्हणाले होते तसेच. ह्यांनी रॅम घेतली, जुनी रॅम कुणाला तरी विकली, लांबरुंद कॅबिनेट घेतली आणि स्वतः बसून सगळं जोडलं. कारखान्याचा हात आहे, एक वायर वाकडी दिसणार नाही. एकूण खर्च साठ हजारांच्या आत, दोनशे उरले. ते दोनशे माझ्या शिवणाच्या डब्यात आणून ठेवले, तुझे म्हणून.

बुटकी दवाखान्यातून आली तेव्हा तिच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती. गणवेशातच बसवलं तिला. बटण दाबल्याबरोबर चालू झाला, आवाज नाही, धाप नाही. हे तिच्या मागे उभे, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर. ‘‘लाव, तुझी कुत्री लाव.’’

तिनं लावली. जुन्या कॉम्प्युटरवर ज्याला महिने लागले असते ते चहा होईपर्यंत तयार झालं. काय सुंदर दिसत होती ती कुत्री. अंगावरचा केस न् केस वेगळा. पाय उचलताना पाठीवरून हलकी थरथर जायची. दोन पायऱ्या चढली, थांबली, आजूबाजूला पाहिलं, पुन्हा चढली. मधल्या वळणापर्यंत आली, मान वर करून उरलेल्या जिन्याकडे बघितलं. आणि पडदा काळा झाला.

हे वाट बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘अडकला का? पुढे?’’

‘‘पुढे काही नाही बाबा. एवढंच आहे.’’

‘‘मग कर की आता. आता काय, सगळं आहे.’’

‘‘हो,’’ ती म्हणाली, ‘‘छान झालाय कॉम्प्युटर.’’ आणि गणवेश भिजवायला आत गेली.

थोड्या दिवसांनी दवाखान्याच्या डॉक्टरांनी दुसऱ्या शहरात शाखा काढली. तिथलं सगळं बघायला विश्वासाचं माणूस हवं होतं. बुटकीनं हो म्हटलं, आम्हाला नंतर सांगितलं. एक खोली भाड्यानं घेतली, तीही बघितलेली पहिलीच. कॉम्प्युटर नेतेस का विचारलं, तर म्हणाली, तिथे जागा नाही. आता त्यावर मी विजेचं बिल भरते आणि ब्लाउजचे गळे बघते. मधल्या वळणावरची ती कुत्री ह्यांनी पडद्यावर कायमची लावून ठेवली आहे. कुणी आलं की दाखवतात, मुलीनं केलंय म्हणून. आणि लगेच किंमत सांगतात.

परवा तिचा फोन आला होता. मी मशीनवर बसले होते, ह्यांनी घेतला आणि स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, जमिनीवर झोपून पाठ धरते, म्हणून गादी घेतली.

‘‘किती ठिकाणी विचारलंस?’’

‘‘एकाच.’’

‘‘भाव कमी करून घेतलास?’’

‘‘नाही बाबा. सांगितला तेवढा दिला.’’

ह्यांनी गादीची कंपनी विचारली, जाडी विचारली, लांबी-रुंदी विचारली. फोन ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर पडले. दोन तासांनी आले ते तसेच माझ्यासमोर खुर्चीत बसले. चेहरा उतरलेला.

‘‘दोन दुकानांत विचारून आलो. तीच गादी. कितीतरी जास्त दिले गं तिनं.’’ ह्यांनी चष्मा काढून पुसला. ‘‘फसली आपली पोर.’’

मी सुई दाताखाली धरली होती, ती काढली.

‘‘फसली खरी,’’ मी म्हटलं, ‘‘पण गादीवाल्यानं नाही फसवलं तिला.’’

ह्यांच्या हातात दोन कागद होते, त्यांची घडी घातली आणि खिशात ठेवले.